वरून बोलायलोय

दत्तरावकाका गेल्याचं त्यांच्या बायकोनं, गयाकाकूंनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी दवाखान्यात कुणाचा तरी गुडघा वाकवून बघत होते. "सकाळी चहा घेतला, अन् बसल्या बसल्या मान टाकली, म्याडम…" एवढंच त्या म्हणाल्या. फोन बंद झाला तरी तो गुडघा मी तसाच धरून उभी होते.

काका राणीसावरगावचे. परभणीत मी फिजिओथेरपीचं काम करते. तिथे ते दर पंधरा दिवसांनी एसटीनं यायचे. बांधावरून उतरताना त्यांचा पाय काळ्या चिखलात रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं. माझ्याकडे एक छापील प्रश्नावली असते. जिना चढताना किती त्रास होतो, उकिडवं बसताना किती, असं पेशंटलाच विचारायचं आणि त्याच्या उत्तरांना गुण द्यायचे; त्रास जितका कमी, तितके गुण जास्त. काका दूर कुठंतरी बघत उत्तरं द्यायचे, "न्हाई. काहीच त्रास न्हाई." दर खेपेला गुण वाढत गेले. आता यायची गरज नाही, असं मी लिहिणारच होते, तेवढ्यात सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "त्रास कसा हुईल? चढतच न्हाईत की! माळवद सोडलं, उकिडवं बसणं सोडलं."

मी काकांकडे पाहिलं. ते ओशाळून हसले. "तुमी त्रास इचारला. चढता का, हे कुठं इचारलं?"

मग कितीतरी वेळ ते माळवदाबद्दलच बोलत राहिले. घराचं ते मातीचं सपाट छत, त्यावर जायची लाकडी शिडी… थंडीत पहाटे वर गेलं की ज्वारीवर धुकं पसरलेलं असतं, अख्खं गाव पाण्यावर तरंगल्यावाणी दिसतं, खालून चुलीचा धूर येतो आणि आपणबी त्याच्यासंगं हलके होऊन जातो… ऐकता ऐकता माझ्या खोलीतला पंखाही कुठंतरी लांब फिरतोय असं वाटत होतं.

त्या दिवशी मी प्रत्येक प्रश्नापुढं पेन्सिलीनं आणखी एक चौकोन काढला : 'सोडून दिलंय का?' गुण धाडकन उतरले. मला अपराधी वाटलं, काका मात्र म्हणाले, "आता खरं आलं बघा कागदावर."

आम्ही पुन्हा पहिल्यापासून लागलो. एक वीट, दोन विटा, मग पायरी. पायात बळ आलं तरी शिडीपाशी गेलं की भीती वाटते, हेही ते न लपवता सांगायला लागले. पुढच्या थंडीत एका सकाळी फोन आला. "म्याडम, वरून बोलायलोय." वारा तेवढा ऐकू येत होता…

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी मी राणीसावरगावला गेले. काकूंनी वर जाऊन बघायला सांगितलं. चपला शिडीखाली काढून मी चढले. ऊन कोवळं होतं. धुकं नव्हतं, ज्वारी मात्र लांबवर हलत होती. दोन फेऱ्या मारून शिडीकडं वळले, तर खालून हाक आली, "म्याडम, उतरू नका एवढ्यात."

"काय झालं, काकू?"

"ते वर फिरायले की घरात पावलं वाजायची. मी भाकरी थापत ऐकायची… जरा चाला की अजून."

मी टाचा थोड्या जोरात टेकवत चालत राहिले.