वारा पडला तेव्हा

शेजारचे काका जन्मभर होडीवर तांडेल होते, सुकाणू त्यांच्याच हातात. गुडघे गेल्यापासून ते घरात बसून खेळातलं विमान चालवतात. मुलाने मुंबईहून पाठवलेला मोठा व्हीआर चष्मा डोळ्यांवर चढवला की त्यांना आभाळ दिसतं. खुर्चीसमोर खेळाला जोडलेले दोन टेबलफॅन आहेत. विमानाचा वेग वाढला की तेही जोरात फिरतात. तोंडावर वारा लागल्याशिवाय काकांचा हात चालत नाही. निघताना ते काकींना सांगतात, "जाऊन येतो गो."

पण उतरताना विमान दर वेळी समुद्रात जायचं. परवा काकी म्हणाल्या, "आज बुडवलंत तर चष्मा परत मुंबईला."

मी त्यांच्या पडवीत तांदूळ पाखडत होते. विमान खाली यायला लागलं आणि वीज गेली. पंखे थांबले, पण चष्मा बॅटरीवर चालूच होता.

"वारा पडला! आता गेलो!" काका ओरडले.

मी सूप रिकामं केलं, धावले आणि त्यांच्या तोंडावर वारा घालत राहिले.

"टेकलं गो, टेकलं!"

काकांनी चष्मा काढला. त्यांच्या मिशीत कोंडा अडकला होता आणि समोर मी घामाघूम उभी. ते हसले नाहीत. म्हणाले, "उद्या वादळातनं जायचंय. पोटभर जेवून ये."