पावणेपाचच्या काकू

काकूंनी मला पहिल्या ओळखीतच मारलं. नाशिक रोडच्या त्या कॉलनीत खोली भाड्याने घेऊन मला चारच दिवस झाले होते. शेजारच्या काकूंनी दारातून सांगितलं, "पाणी आलंय, भरून घ्या," आणि मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हटलं, "हो, पाच मिनिटांत." त्या सरळ आत आल्या आणि हातातल्या उलथन्याने माझ्या मनगटावर सणसणीत फटका ठेवून दिला. "पाच मिनिटं म्हंजे किती, मॅडम? घड्याळाची का तुमची?" मी बोंबलत उठले. माझ्या बादल्या भरेपर्यंत त्या दारात उलथनं घेऊन उभ्या होत्या. शेवटची बादली भरली आणि नळ गेला.

कॉलनीत सगळे त्यांना पावणेपाचच्या काकू म्हणत. नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, बारा महिने सकाळच्या पाळीला. त्याची बस चार चाळीसला कोपऱ्यावर थांबायची आणि पावणेपाचला तो दारात असायचा. तोवर काकूंचं घर लख्ख झालेलं असे. भांडी पालथी, कणीक मळलेली, टॉवेल दोरीच्या उजव्या टोकाला, चहा उकळता. बाकीच्या बायका चेष्टा करायच्या आणि मनातून जळायच्या. मीही जळायचे. माझी नोकरी घरूनच करायची, म्हणजे दिवस म्हटला तर माझ्याच ताब्यात, आणि तरी दुपारचं जेवण मला कधी चारच्या आत मिळत नव्हतं.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहिलेलं वेळापत्रक होतं. अंदाज हा शब्द त्यांना खपत नसे. प्रत्येक काम घड्याळ लावून मोजलेलं: मेथीची जुडी नऊ मिनिटं, केर-फरशी चौदा, कपडे सव्वीस. नकोसं काम सगळ्यांत आधी. "जे करायला जीव नको म्हणतो ना, त्याचा मुडदा सकाळीच पाडायचा," असं त्या कपडे बडवता बडवता सांगत, आणि बडवणं असं असे की चादरीची दया यावी. एका कामाला हात घातला की दुसऱ्याला हात नाही. तेवढ्यात फोन वाजला तर वाजू देत.

मी सकाळी पाच गजर लावून झोपायचे. भिंत पातळ, त्यामुळे ते पाचही काकूंना ऐकू जायचे. एका सकाळी चौथ्या गजराला त्या आल्या, माझा फोन उचलला आणि पाण्याच्या बादलीत टाकला. "पाच गजर लावतीस म्हंजे रोज चार येळा खोटं बोलतीस," म्हणाल्या. फोन दोन दिवस तांदळाच्या डब्यात होता. मी फार चिडले, पण त्या दिवसापासून एका गजराला उठायला लागले. त्यांचे नियम मी वहीत उतरवून घ्यायला लागले. ऑफिसातल्या पोरांना ते फोनवर माझेच म्हणून ऐकवायचेही.

तीन महिन्यांनी एका दुपारी काकूंच्या घरचा गॅस साडेचारला संपला. त्या धावत आल्या, माझ्या शेगडीवर चहा केला आणि कप घेऊन परत धावल्या. पाच वाजता भिंतीपलीकडे कप फुटला. मग काहीतरी भिंतीवर आदळलं. थोड्या वेळाने पुन्हा तिथेच. दुसऱ्या दिवशी काकूंची भुवई फाटलेली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "कपाट लागलं." मग पदराने भुवई दाबत म्हणाल्या, "चहा कोमट झाला व्हता गं." मी जी शिस्त म्हणून वहीत उतरवत होते ती धास्ती होती. लग्नाची बावीस वर्षं ही बाई मार चुकवण्यासाठी मिनिटं मोजत होती आणि मी त्याची कौतुकं करत फिरत होते. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मग त्यांनी मला खरं वेळापत्रक सांगितलं. दारामागे तीन ते पावणेचार या वेळेपुढे "भाजी" असं लिहिलं होतं. त्या वेळात काकू गाडी चालवायला शिकत होत्या. दिंडोरीच्या त्यांच्या बहिणीच्या ओळखीत द्राक्षं पेट्यांत भरायचं पॅकहाऊस होतं. तिथे मजूर बायकांना आणायला-सोडायला गाडीवर बाईच हवी होती. "लायसन हातात आलं की मी चालले," काकू म्हणाल्या. "पुन्हा या उंबऱ्यात पाय नाय." सगळी कामं मोजून मोजून त्यांनी दिवसाची ती पंचेचाळीस मिनिटं काढली होती.

माझ्याकडे एकच काम दिलं होतं. तीन ते पावणेचार खिडकीशी बसायचं आणि नवरा अवेळी दिसला तर तत्काळ फोन करायचा. मेथीची जुडी घातलेली पिशवी काकू गाडीत सोबतच ठेवत. फोन आला की त्या बाजारापाशी उतरणार आणि पिशवी हलवत चालत घरी येणार. काही विचारायला जागाच नाही. एरवी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी त्यांना इमारतीच्या मागच्या गेटाशी सोडायची.

लायसनची परीक्षा शुक्रवारी होती. मंगळवारी तीन चाळीसला तो कुणाच्या तरी मोटरसायकलवरून उतरला. तासभर लवकर सुटी घेऊन आला होता. मी त्याला पाहिलं. फोन हाताशी होता. समोर एक मेल अर्धा लिहून झाला होता, आणि मला वाटलं, एवढी एक ओळ. ती ओळ लिहिली, मेल पुन्हा वाचला, फाईल जोडली, पाठवला आणि मग फोन लावला. फोनची रिंग मला मागच्या गेटाकडून ऐकू आली. मी मागच्या गॅलरीत धावले. काकू चालकाच्या सीटवरून उतरत होत्या आणि तो शेजारच्या गॅलरीत उभा होता.

त्याने खाली जाऊन त्यांना केसांना धरून दोन जिने वर ओढत नेलं. इमारतीतली चार दारं उघडली आणि चारही लागली. आतून कडी सरकली. मग आवाज सुरू झाले. त्यात काकूंचा आवाज नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. माझ्या ओट्यावर काकूंनीच आलं ठेचायला दिलेला लोखंडी बत्ता होता. तो घेऊन मी त्यांचं दार फोडायला लागले. पाचव्या घावाला कडी निसटली. त्याने काकूंची मान ओट्यावर दाबून धरली होती, ओट्यावरून रक्त खाली ठिबकत होतं आणि तो दुसऱ्या हाताने मारतच होता. मी बत्ता दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. आयुष्यात पहिल्यांदा माणसाला मारलं. तो ओरडत खाली बसला. मी पुन्हा बत्ता उगारला. मला थांबायचं नव्हतं, हे कबूल करते. काकूंनी माझं मनगट धरलं. एक डोळा मिटलेला, दुसरा भिंतीवरच्या घड्याळावर. "बास," त्या म्हणाल्या. "चार वाजून गेले. डॉक्टर साडेचारला येतो. नंबर लावू."

दवाखान्यातल्या बाकावर त्यांनी विचारलं, "उतरताना दिसला व्हता का तुला?"

"हो."

"मंग?"

"मेल पाठवत होते."

"किती येळ?"

"चार मिनिटं."

काकूंनी मुठीतला रुमाल उघडला. त्यात दोन दात होते. "दोन मिनिटाला एक," त्या म्हणाल्या आणि रुमाल पुन्हा मिटला. त्या दिवशी त्यांनी मला मारायला हवं होतं. मारलं नाही याचा मला अजून राग येतो.

तीन दिवस त्या माझ्या खोलीत राहिल्या. बुधवारी त्याने माझ्या दारावर लाथा घातल्या, शिव्या दिल्या. मी आतून बत्ता फरशीवर आपटत राहिले. पोलिसांत जाऊ म्हटलं तर काकू म्हणाल्या, "जायचंच हाय. पण लायसनचे कागद त्या घरात हायेत. दोन दिवस तो पाठीमुळं घरीच असंल. शुक्रवारी कामावर जाईल तवा काढू. आधी परीक्षा, मंग तक्रार, मंग दिंडोरी." पाठ धरून का होईना, शुक्रवारी तो बसमध्ये चढला. काकूंनी मला घड्याळ लावायला सांगितलं. अकरा मिनिटांत त्या बाहेर आल्या. कागद, चार साड्या, उलथनं. त्या मोडक्या दारातून मला स्वयंपाकघराच्या दारामागचं वेळापत्रक दिसलं. त्यांनी ओल्या फडक्याने त्यातली ४.४० ची, त्याच्या बसची ओळ तेवढी पुसली होती. सुजलेल्या तोंडाने त्यांनी परीक्षा दिली आणि पास झाल्या. तक्रार लिहून घेणाऱ्याला तारखा आणि वेळा त्यांनी अशा सांगितल्या की त्याचाच पेन मागे पडत होता.

आता माझ्या ऑफिसात मला फार वेळ पाळणारी समजतात. खरं तर मी एकच गोष्ट पाळते. माणसाचा फोन आधी, मेल नंतर.

दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, मी त्यांना भेटायला दिंडोरीला गेले. बसस्टँडवर चारला घ्यायला येते म्हणाल्या होत्या. चार वाजले, सव्वाचार झाले. काकू उशीर करतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ओटा आला, रुमाल आला. त्याने गाठलं की काय! मी एकामागून एक फोन लावत होते, त्या उचलत नव्हत्या. चार पंचवीसला समोर एक गाडी येऊन थांबली आणि चालकाच्या सीटवरून काकू उतरल्या, दोन दातांच्या खिंडीतून हसत.

"कुठे होतात?" मी जवळजवळ किंचाळले. "मेले ना मी इथे!"

"अगं, टपरीवर चहा घेतला. बायका बोलत बसल्या, मीबी बसले." काकूंनी माझी बॅग उचलली. "लय गार झाला व्हता. तरी सगळा प्याले."