आत्याचा पूल

पाण्याला भिणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण त्या भीतीपायी साऱ्या खानदानाची लग्नं भर वैशाखात लावायला भाग पाडणारी बाई एकच झाली, आणि ती म्हणजे माझी थोरली आत्या. सेनगावच्या अंगाला धरणाच्या फुगवट्यात एक टेकडी आहे. आत्या नवी नवरी होती तेव्हा धरण भरलं, खालचं जुनं गाव पाण्यात गेलं आणि टेकडीचं बेट झालं. ज्यांची वरची जमीन वाचली ती थोडी कुटुंबं वर नवी घरं बांधून तिथंच राहिली, त्यांत आत्याचं. बाकीची माणसं होडीनं ये-जा करत. आत्या मात्र होडीत पाय ठेवायला तयार नव्हती. उन्हाळ्यात पाणी ओसरून गाळाची वाट उघडी पडली की ती बैलगाडीनं बाहेर पडायची, साऱ्या नातेवाइकांकडे एकेक मुक्काम ठोकायची आणि मिरगाच्या आत परत बेटावर. त्यामुळे आमच्या घराण्यात मार्गशीर्षातलं लग्न कुणी पाहिलंच नाही. माझी बायको आजही ऐकवते, "तुमच्या आत्यापायी मी शालूत शिजून निघाले."

भीती तरी किती असावी! तांब्या तोंडाला लावताना ती डोळे मिटायची. तिच्या हातचं वरण ताटात उभं राहायचं. कुणी पातळ मागितलंच तर म्हणायची, "पातळ कशाला पायजे? पूर आणायचाय का ताटात?" पाहुणे पोहोचवायला ती कधी काठापर्यंत आली नाही. काठापासून चांगली लांब, चिंचेखाली उभी राहून तिथूनच ओरडायची, आणि तिचा आवाज होडीच्या आधी पलीकडे पोचायचा.

अशा या आत्याच्या बेटाला मोठा पूल मंजूर झाला आणि तिच्या अंगात वारं संचारलं. पहिलं यंत्र आलं त्या दिवशी तिनं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि यंत्र चालवणाऱ्या बिहारी माणसालाही ओवाळलं. तो बिचारा डोळे मिटून हात जोडून बसला. दुसऱ्या दिवसापासून आत्या कामावर रुजू. कामावरच्या तरुण इंजिनिअरबाईंकडून तिनं पिवळं हेल्मेट मिळवलं आणि ते डोक्यावरच्या पदरावर चढवलं. काठापासून तीस पावलं मागं बाज टाकून तिथून तिची देखरेख सुरू झाली. "ए भय्या, सलाख बराबर बांधो, न्हाई तो हम तुमकू बांधेगा!" मजूर तिला 'बडी साहब' म्हणू लागले.

काँक्रीटचा माल तिला फारच पातळ वाटायचा. इंजिनिअरबाई समजावत, "आत्या, पाण्याचं प्रमाण मशीन ठरवते."

"मशीनचं लगन झालंय का? तिला काय कळतंय प्रमाण!"

पुढं ओतलेल्या खांबावर रोज पाणी मारताना पाहून ती आणखी अस्वस्थ झाली. "काहून भिजवून राहिले त्याला? सर्दी होईल ना!"

खांबांना तिनं आपल्या जावा-नणंदांची नावं दिली होती. एका खांबाचा पाया काही केल्या खडकाला लागेना. दिवसेंदिवस खोदकाम चाललं होतं. आत्या बाजेवरून म्हणाली, "ही माझी थोरली जाऊ बरं का. कितीबी खांदा, तळ लागायचा न्हाई." पुढं इंजिनिअरबाईंनाच एकदा आपल्या वरिष्ठांना फोनवर सांगताना मी ऐकलं, "सर, थोरली जाऊ आज भरून झाली." पलीकडच्या साहेबांनी अभिनंदन केलं म्हणे. त्यांना काय वाटलं कोण जाणे.

पूल पुरा झाला. उद्‌घाटनाला पुढाऱ्यांची तारीख मिळत नव्हती, पण जीप, मोटारसायकली जाऊ लागल्या होत्या. मी धीर केला आणि मुलीचं लग्न मार्गशीर्षात हिंगोलीला धरलं. खानदानातलं पहिलं थंडीतलं लग्न! आत्याला आणायला जीप घेऊन गेलो. ती नवं लुगडं नेसून, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन तयार होती. जीप पुलाच्या तोंडाशी आली आणि ती ओरडली, "थांब!"

खाली उतरली ती उतरलीच. "मी न्हाई येत. तुमी जा."

इंजिनिअरबाई धावत आल्या. "आत्या, अहो तुम्हीच तर बांधून घेतला हा पूल!"

"बांधला व्हय. बांधणं येगळं, चालणं येगळं."

"कठडा आहे दोन्ही बाजूंना. पाण्याचा थेंब लागणार नाही तुम्हाला."

"पाण्याचं कोण बोलून राहिलं बाई?" आत्या एकदम हळू आवाजात म्हणाली. इतका हळू आवाज तिला असतो हे मला माहीतच नव्हतं. "त्या तिसऱ्या खांबापाशी, खाली, माझं घर हाय. नवं नवं सारवलेलं होतं. चुलीत पाणी शिरताना बघितलंय मी. होडीत बसलं की होडी त्याच्यावरूनच जाती. दुसऱ्याच्या घरावरून जावं बाप्पा, सोताच्या घराच्या डोक्यावरून कसं जावं?"

इतकी वर्षं आम्ही तिच्या वरणाला हसत होतो.

मग इंजिनिअरबाईंनी तिचा हात धरला. आत्यानं चपला काढल्या, काखेत धरल्या आणि अनवाणी निघाली. मी जीप तिथंच ठेवून मागोमाग. तिसऱ्या खांबापाशी ती थांबली, कठड्यावरून पहिल्यांदाच खाली पाहिलं, आणि नव्या नवरीनं घरातून निघताना सांगावं तसं पाण्याला म्हणाली, "सासूबाई, जाऊन येते. पोरीचं लगन हाय." पुढं पार पलीकडच्या काठापर्यंत ती चालत गेली. मी मागं जाऊन जीप आणली, ती आत बसली, चपला पायात घातल्या आणि मला म्हणाली, "काहून हळू चालवून राहिला? लगन काय उद्याचं हाय?"

लग्नात तिनं असा धुमाकूळ घातला की वरपक्ष तिलाच नवरीची आई समजला. जेवणावळीत वाढप्याच्या हातून वरणाची बादली घेऊन तिनं स्वतः वाढलं, आणि वर म्हणाली, "पातळ झालंय जरा. पण आज चालतंय."

तेव्हापासून आत्या घरात टिकत नाही. कधी पुसेगावच्या बाजारात, कधी सेनगावात भाचीकडे, कधी नुसतीच एसटीच्या खिडकीत. परवा डोंगरकड्याची केळी घेऊन मी मुद्दाम बेटावर गेलो. पूल ओलांडायला दोन मिनिटं लागली. चिंचेखाली कुणी नव्हतं, घराला कडी होती. शेजारची बाई हसली, "आत्या व्हय? आता कशाच्या घावतात त्या!" मी ओट्यावर घटकाभर बसलो, रांजणातलं पाणी प्यालो, केळ्यांची पिशवी कडीला अडकवली आणि परत निघालो.