मेव्हण्याची अर्धी जत्रा

उभ्या वसई तालुक्यात एका खांद्यावर केळ्यांचा लोंगर आणि दुसऱ्या खांद्यावर गिटार घेऊन चालणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्याच बायकोचा थोरला भाऊ निघाला. सांडोरला वाडी, वाडीत विहीर, विहिरीवर डिझेलचं इंजिन आणि इंजिनाच्या खोपीत गिटार, असा त्याचा संसार. दुसरा संसार त्यानं केलाच नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईनं मुलीच्या घरची खडान्‌खडा चौकशी केली होती, फक्त भाऊ काय वाजवतो हे विचारायचं राहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तर मागच्या वाडीतून असा आवाज आला की पत्र्यावरून कुणी मांजर फरफटत नेतंय असं वाटावं. मी दचकून उभाच राहिलो. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "काही नाही, तुमचा मेव्हणा वाजवतोय. चहा घ्या."

खांद्यापर्यंत केस, त्यावर केळीच्या चिकाचे डाग पडलेली टोपी, आणि उजव्या हाताची नखं वाढवलेली. त्या नखांपायी तो कोयता डाव्या हातानं धरायचा आणि दोनदा त्यानं तो पायावर मारून घेतला होता. सासूबाई वैतागून विचारायच्या, "तुझ्यासाठी नवरी बघू की नवरा?" तो म्हणायचा, "आधी गाणं पुरं होऊ दे, आई." ते गाणं काही पुरं होत नव्हतं. माणूस मात्र सोन्यासारखा. कुणाच्या मयतीला, कुणाच्या विहिरीचा गाळ काढायला, हाक मारायचा अवकाश की हजर. फक्त हाक गाण्याच्या मध्ये मारायची नाही.

त्याचा एक चुलतभाऊ बोटीवर नोकरीला होता. दर सुट्टीत तो परदेशी तबकड्या आणायचा आणि मेव्हणा त्या नव्या नवरीसारख्या मलमलीत गुंडाळून ठेवायचा. गिटार वाजवणाऱ्यांची इंग्रजी नावं लक्षात ठेवायची त्याला कधी गरज वाटली नाही. त्यानं सगळ्यांना केळ्यांत बसवलं होतं. जो भराभर सूर सांडतो तो बसराई: पोट भरतं, चव लक्षात राहत नाही. जो थोडंच वाजवतो पण गोड, तो वेलची. आणि राजेळी फक्त एक. "राजेळी झटकन सोलून खायची नसते, जावई," तो मला समजावायचा. "उन्हात दिवसचे दिवस ठेवायची, मग तिची सुकेळी होते. तसा तो एकच सूर सुकवत सुकवत नेतो." मी शाळामास्तर. म्हटलं, आम्हाला सगळी केळी सारखीच. तर हा गडी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं चार जातींची केळी ताटात मांडून माझे डोळे बांधून परीक्षा घेतली. मी नापास झालो. बायको भावाच्या बाजूनं हसली, हे विसरलेलो नाही.

सराव तो इंजिनासमोर करायचा. त्याच्या मते इंजिनासारखा ड्रम वाजवणारा मिळणं नाही: ठोका चुकत नाही, रुसत नाही आणि दारू पीत नाही. पण गाणं संपेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही हा त्याचा नियम. एकदा गाणं लांबलं आणि पाणी शेजाऱ्याच्या पानमळ्यात शिरलं. शेजारी गुडघाभर चिखलातून बोंबलत आला, तर हा डोळे मिटून. त्याची पानं कुजली, आणि ते ऐकून घ्यायला घरचा जावई म्हणून मला पुढे केलं. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्येही तीच तऱ्हा. गाणाऱ्यांच्या कॉयरमध्ये गिटार हाच वाजवायचा. एका रविवारी अर्पणाच्या गीतात दोन ओळींच्या मध्ये जी जागा असते तिथं हा घुसला तो बाहेरच येईना. अर्पण घेऊन गेलेले लोक परत बाकावर येऊन बसले, फादर हात जोडून उभे. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाल्यावर फादरांनी त्याला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाबा रे, देव अनादी-अनंत आहे, मिस्सा नाही. लोकांना मासळी घ्यायला जायचं असतं."

पण हे सगळं ज्याच्यामुळे, ती गोष्ट वेगळीच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा पंचविशीत होता. मुंबईतल्या एका हॉटेलात केळी द्यायला गेला असताना स्वयंपाकघराच्या दारातून त्यानं एका पोराला गिटार वाजवताना ऐकलं. दहा मिनिटं. तीच ती राजेळी. मग कळलं की घाटाखाली एका माळावर गिटारवाल्यांची दोन दिवसांची जत्रा भरणार आहे आणि तो पोरगा रविवारी दुपारी वाजवणार आहे. हा आईला 'तपसाधनेला जातो', म्हणजे चर्चच्या प्रार्थना-शिबिराला, असं सांगून गेला. शनिवारभर उन्हात बसून बसराई ऐकली, वेलची ऐकली. आणि संध्याकाळी उठून एस.टी. पकडून घरी आला. का? तर रविवारी सकाळी मिस्सेला कॉयरमध्ये गिटार वाजवायची होती आणि आई पहिल्या बाकावर बसणार होती! मी एकदा न राहवून म्हटलं, "अरे, एक मिस्सा बुडवली असतीस तर आभाळ कोसळलं असतं?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळाचं दार विकायला सांगितलं. तो पोरगा पुढे परदेशी गेला, वाजवणं सोडलं म्हणतात. त्याची एक तबकडी निघाली नाही. त्यामुळे मेव्हण्याची जत्रा अर्धी राहिली ती राहिलीच, आणि पुढची पंधरा वर्षं, सासूबाई जवळपास नसताना, आम्ही सगळ्यांनी ती अर्धी जत्रा जेवताना, पावट्याच्या शेंगा सोलताना, मयतीहून येताना ऐकली. अमका कसा बसला होता, तमक्याची तार कशी तुटली. मला ती आता पाठ होती, वर्गात घेता आली असती.

चाळिशी उलटल्यावर एके दिवशी तो म्हणाला, "जावई, राहिलेला रविवार मी करणार. आपल्या वाडीत." त्या दहा मिनिटांपासून पुढे त्या पोरानं काय वाजवलं असतं, ते हा पंधरा वर्षं मनात जुळवत होता. ते त्याला एकदा तरी उघड्यावर, जमिनीवर बसलेल्या माणसांपुढे वाजवायचं होतं. मी हो म्हटलं, आणि इथंच चुकलो. नुकत्याच तोडलेल्या केळीची जागा मोकळी होती. आम्ही दोघांनी बांबू रोवले, वर झावळ्या टाकल्या. केळीचे खांब पडलेच होते, ते त्यानं हौसेनं दाराशी दोन्ही बाजूंना बांधले. मग मिस्सेनंतर घरोघर जाऊन, मान खाली घालून, कानापर्यंत लाल होऊन सांगितलं, "येत्या रविवारी दुपारी वाडीत या. सगळ्यांनी या." का, ते लाजेनं सांगवेना.

आता मला सांगा, दाराशी केळीचे खांब, मांडव घालायला जावई राबतोय, आणि चाळिशीचा ब्रह्मचारी लाजत घरोघर आमंत्रण देतोय. गावानं दुसरं काय समजावं? रविवारी दुपारी गाव लोटलं ते नवे कपडे घालून, हातात आहेर घेऊन. म्हाताऱ्या लाल लुगड्यांत, अंगावर पेटीतलं सोनं. कोणी परात आणली, कोणी पातेली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मासळी देणारी पाचूबंदरची कोळीण डोक्यावर तांब्याचा हंडा घेऊन आली. फादर पहिल्या रांगेत. सासूबाई त्यांच्या शेजारी, त्याही लुगडं-सोनं घालून. मी चपापलो. म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत आहे ना, लग्न नाहीये?" त्या म्हणाल्या, "माझं पोर मला ठाऊक आहे. पण गाव येतंय, तर मी काय फाटक्यात बसू?"

मेव्हणा गिटार घेऊन उभा राहिला. समोरची पातेली बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. माईकवर म्हणाला, "लग्न नाही. गिटार आहे." मग कोळीण उठली. "मंग नवरी कंची? मी हंडा आनलाय. यात पानी तुजी गिटार भरनार हाय का?" मांडव हसून हसून वाकला. हा रडकुंडीला आला. मला वाटलं, आता टाकतो गिटार आणि पळतो खोपीत. पण नाही. त्यानं ओठ पुसले आणि सगळं सांगून टाकलं: तपसाधनेची थाप, माळ, शनिवार, मिस्सेसाठी सोडलेला रविवार. "त्यानं काय वाजवलं, ते मी ऐकलं नाही. आज मी वाजवतो. ज्याला जायचं त्यानं जा." फादर समोर बसलेले, सगळ्या गावादेखत कन्फेशन! आणि मग त्यानं डोळे मिटले.

तो पाऊण तास वाजवत होता. मला त्यातलं कळत नाही, खोटं कशाला बोलू. एक सूर तो इतका वेळ धरून राहिला की मी श्वास सोडायचा विसरलो, एवढं आठवतं. लोक आधी ऐकत होते, मग चुळबुळले. कुणाची म्हैस पिळायची होती, कुणाचं पोर रडत होतं. एकेक जण उठला आणि जाताना आपापली परात न विसरता घेऊन गेला. फादर बराच वेळ बसले, मग तेही हळूच गेले. मेव्हण्यानं डोळे उघडले तेव्हा मांडवात मी, माझी बायको, हंडा पालथा घालून त्यावर बसलेली कोळीण आणि सासूबाई.

सासूबाई उठून त्याच्यापाशी गेल्या. त्या आमच्या बोलीत बोलल्या, मी शाळेतल्या मराठीत लिहितोय. म्हणाल्या, "तू तपसाधनेला गेला नव्हतास, हे मला तेव्हाच कळलं होतं. पँटभर माळाची कुसळं होती, मीच काढली."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, ऐकायचं ते ऐकून आलास. टाकून आलास, हे आज कळलं." त्यांनी त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "रविवार काय रे, दर आठवड्याला येतो. सांगायचं होतंस. मी देवाला समजावलं असतं."

तो खाली बसला आणि आईच्या लुगड्यात तोंड घालून रडला, चाळिशीचा माणूस. कोळीण माझ्याकडे वळून म्हणाली, "हंडा नेत नाय मी. राहूं दे त्याला."

पुढे त्यानं वाजवणं सोडलं नाही, अजून कॉयरला असतो. पण त्या रविवारनंतर जत्रेची गोष्ट त्यानं पुन्हा कधी सांगितली नाही. आम्हाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. परवा शेंगा सोलताना मीच म्हटलं, "सांग की रे, तमक्याची तार कशी तुटली होती?" तो म्हणाला, "झालं ते आता, जावई," आणि शेंगा सोलत राहिला. मग मीच त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो. मध्ये मी चुकत होतो, पण त्यानं दुरुस्त केलं नाही.