अर्ध्या किमतीचा व्हॅक्यूम

धाराशिवच्या एका दुकानात बिनवायरचा, उभ्यानं चालवायचा व्हॅक्यूम अर्ध्या किमतीत होता. बायकोची कंबर धरलेली, म्हणून मी तो पाहत होतो. तेवढ्यात पांढऱ्या टोपीतले एक चाचा शेजारी आले. त्यांनी चपलेची माती फरशीवर झटकली आणि सेल्समनला म्हणाले, "चालव. बंद करू नको."

मला वाटलं, हा दुकानाचाच माणूस असणार. पण चाचा फरशीकडं नाही, घड्याळाकडं बघत होते. दहाव्या मिनिटाला यंत्र गप्प झालं.

"नवी बॅटरी मिळंल का?" चाचांनी विचारलं.

"हे मॉडेल बंद झालंय," सेल्समन पुटपुटला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी चाचांना विचारलं.

"गेल्या साली म्या हेच घेतलंय, भाऊ. घरवाली परत वाकूनच झाडती."

मी निघालो. चाचा मात्र पुढच्या गिऱ्हाइकाशेजारी जाऊन उभे राहिले.