खड्ड्याजवळचा टॉवर

माणदेशात वाढलेल्या माणसाला पोहता येत नाही, यात नवल काही नाही. आमच्या गावात विहिरी होत्या, पण मे महिन्यात त्यांच्या तळाचा खडक दिसायचा. वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते. मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं, मास्टर्ससाठी मेलबर्नला आलो, क्लेटन उपनगरात युनिव्हर्सिटीजवळच्या एका घरात पाच-सहा जणांबरोबर राहिलो आणि पदवी मिळाल्यावर काही वर्षं टॅक्सी चालवली. सिटिझनशिप मिळाली त्या वर्षी मी सैन्यात भरती झालो. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "एवढं शिकून?" टॅक्सीत बसून बसून मला स्वतःचा कंटाळा आला होता, एवढंच खरं कारण होतं.

ऑस्ट्रेलियात मरीन नावाचं वेगळं दल नाही. पण मला ज्या बटालियनमध्ये घातलं तिचं काम तेच होतं: जहाजातून होड्यांत उतरायचं, होड्यांतून किनाऱ्यावर, आणि पुढे चालत. ट्रेनिंग क्वीन्सलंडच्या उत्तरेला, दमट किनाऱ्यावर होतं. पोहता येतं का, असं विचारल्यावर मी "थोडंफार" म्हणालो होतो. पहिल्याच दिवशी पूर्ण कपड्यांत, बूट घालून तलावात उतरवलं तेव्हा ते थोडंफार किती होतं ते सगळ्यांना दिसलं. माझ्या शेजारी आणखी एकजण तसाच हातपाय मारत होता. व्हिक्टोरियाच्या वायव्येला, मॅलीच्या कोरड्या पट्ट्यात त्याच्या वडिलांची गव्हाची शेती होती. उंच, लाल मानेचा, माझ्याहून आठेक वर्षांनी लहान. इन्स्ट्रक्टरने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही दोघं एकमेकांचे जोडीदार. एक बुडाला तर दुसऱ्याने सांगायला यायचं."

तेव्हापासून तो माझा जोडीदार. इतर झोपलेले असताना आम्ही तलावावर जायचो आणि एकमेकांना पोहायला शिकवायचो. म्हणजे एकजण बुडायचा आणि दुसरा त्याला कशाला घाबरायचं ते समजावायचा.

सगळ्यात वाईट होता तो हेलिकॉप्टरचा पिंजरा. पाण्यात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसं पडायचं, हे शिकवायला एक लोखंडी केबिन तलावात सोडायचे. आत पट्ट्यांनी बांधलेले आम्ही, डोळ्यांवर काळा चष्मा. केबिन बुडायची, उलटी व्हायची. एक हात खिडकीच्या कडेवर घट्ट ठेवायचा, पाण्याची खळबळ थांबेपर्यंत थांबायचं आणि मगच पट्टा सोडायचा, असा नियम होता. मी थांबू शकलो नाही. पट्टा आधीच सोडला, हात सुटला, आणि वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेना. नाकातोंडात पाणी गेलं. तेवढ्यात कोणीतरी माझी कॉलर धरली आणि खिडकीतून ओढून काढलं. वर आल्यावर जोडीदार खोकत खोकत म्हणाला, "मेट, खिडकी त्या बाजूला होती." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या पिंजऱ्यात बसलो, कारण तो आधीच जाऊन बसला होता.

एवढं सगळं करून आम्ही समुद्राला सरावलो. भरतीच्या लाटेत रबरी होडी कशी वळवायची, ओल्या बुटांत दिवसभर कसं चालायचं, हे अंगात भिनलं. आणि मग आम्हाला वाळवंटात पाठवलं.

त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. आमचा तळ सपाट वाळूत होता. वाळू तरी कसली, पिठासारखी धूळ. दात घासताना दातांत, झोपताना पापण्यांत. तिथल्या सैनिकांना ट्रेनिंग देणाऱ्या लोकांची राखण करणं एवढंच आमचं काम होतं. टॉवरवर उभं राहायचं आणि बघायचं. महिनोन्महिने समोर काहीच घडायचं नाही. एखादा मेंढपाळ लांबून जायचा, एखादा ट्रक थांबायचा, आणि आमचे खांदे ताठ व्हायचे. मग ट्रक निघून जायचा.

तळाच्या एका टोकाला मोठा खड्डा होता. त्यात तळावरचा सगळा कचरा जाळायचे. प्लास्टिक, टायर, बॅटऱ्या, दवाखान्यातल्या पिशव्या, उरलेलं अन्न, सगळं एकत्र, वरून डिझेल ओतून. तो खड्डा कधी विझलेला मी पाहिला नाही. संध्याकाळी वारा फिरला की काळा धूर आम्ही राहायचो त्या कंटेनरांवरून जायचा आणि मेसमधल्या भातालाही तो वास लागायचा. टॉवर वाटून दिले तेव्हा माझ्या वाट्याला गेटजवळचा आला. जोडीदाराच्या वाट्याला खड्ड्याजवळचा. त्यामागे काही कारण नव्हतं. कुणीतरी सकाळी चहा पिता पिता ठरवलं असेल.

तो ड्यूटीवरून यायचा तेव्हा थुंकी काळी असायची. मी म्हणालो, "डॉक्टरला दाखव." दाखवलं. डॉक्टर म्हणाला, इथे सगळ्यांनाच खोकला आहे. आणि तेही खोटं नव्हतं. तळावरच्या फोनवरून मी आईशी बोलायचो तेव्हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. जोडीदाराने तो ऐकून ऐकून पाठ केला होता. टॉवरवरून परतला की कंटेनरच्या दारात उभा राहून विचारायचा, "जेवलास का?" त्याच्या तोंडी त्या शब्दांचं पार वाटोळं व्हायचं. पण त्या तळावर माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच होता.

आम्ही परत आलो. कुणाला गोळी लागली नाही, आमच्यातलं कुणी गेलं नाही. विमानतळावर बायका-मुलं होती, फुगे होते. जोडीदार शेतावर परत गेला, लग्न केलं, दोन मुलं झाली. मीही सैन्य सोडलं, क्लेटनमध्येच एका गोदामात सुपरवायझर झालो. बायको नाशिकची, वृद्धांच्या निवासात नर्स. मुलगी झाली. ती आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते.

जोडीदाराचा खोकला मात्र गेला नाही. आधी अस्थमा म्हणाले. मग फुप्फुसं कडक होत चालली आहेत म्हणाले. करोना आला त्याआधीच तो घरात ऑक्सिजनची नळी लावून बसत होता. लॉकडाऊन लागल्यावर त्याच्या बायकोने त्याला मागच्या खोलीत ठेवलं, मुलांनाही दारातूनच बोलायला सांगितलं. दर रविवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, मी त्याला फोन करायचो.

"कसा आहेस?"

"आता सगळा देश माझ्यासारखा राहतोय," तो म्हणाला. "बरं वाटतं. सोबत आहे."

हसायचा प्रयत्न केला की पुढे बराच वेळ नुसता श्वास ऐकू यायचा. जूनमध्ये तो पूर्ण वाक्यं बोलत होता. जुलैत वाक्यं मधे तुटायला लागली. मग एका रविवारी तो एवढंच म्हणाला, "तू बोल. मी ऐकतो." मी काय बोलणार? गोदामातल्या टॉयलेट पेपरच्या टंचाईच्या गोष्टी सांगितल्या. मुलगी लॅपटॉपवर शाळा करताना टेबलाखाली कुत्र्याशी खेळते, ते सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, "जेवलास का?" त्या दोन शब्दांमध्ये त्याला थांबून श्वास घ्यावा लागला.

ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोचा फोन आला. मी गोदामात होतो, मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली होती. ती म्हणाली, "आज सकाळी गेला. करोना नव्हता. टेस्ट केली होती." जणू ते आधी सांगणं आवश्यक होतं. मग म्हणाली, "अंत्यविधीला फक्त दहा माणसांची परवानगी आहे. मी, मुलं, त्याचे आईवडील, भावंडं धरून नऊ होतात. दहावा तू ये."

तेव्हा मेलबर्नभोवती नाके होते, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जाता येत नव्हतं, पण अंत्यविधीसाठी मुभा होती. मी गाडीत पेट्रोल भरलं. सूट इस्त्री केला. मेडल काढून ठेवली, लावावी की नाही ते ठरवलं नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली आणि दारातच थांबली. "जवळ येऊ नकोस," ती म्हणाली. निवासात तिच्या मजल्यावरच्या एका आजींना करोना झाला होता. तिची टेस्ट घेतली होती. रिपोर्ट येईपर्यंत तिने घरात वेगळं राहायचं, आणि तिच्या संपर्कातल्या आम्हीही बाहेर पडायचं नाही.

"मी तुला सकाळी मिठी मारली होती का?" तिने विचारलं.

"डबा दिलास."

"मग नको जाऊस," ती म्हणाली. "त्याचे आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत."

ती बरोबर बोलत होती. मला तिचा राग आला आणि तो मी गिळला, कारण ती दारात उभी राहून रडत होती. मी मॅलीला फोन केला. जोडीदाराची बायको म्हणाली, "ठीक आहे. लिंक पाठवते."

दुसऱ्या दिवशी मी सूट घालून जेवणाच्या टेबलाशी बसलो, समोर लॅपटॉप. मुलगी माझ्या शेजारी. बेडरूमच्या बंद दारापलीकडे बायको तिच्या फोनवर तेच बघत होती. कॅमेरा हॉलच्या मागच्या बाजूला लावलेला. नुसत्या पाठी दिसत होत्या, लांब लांब ठेवलेल्या खुर्च्यांवर. एक खुर्ची रिकामी होती. जोडीदाराच्या बायकोने माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. जोडीदाराचे वडील बोलायला उठले आणि चित्र थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा ते बसत होते.

"व्हाय आर दे नॉट हगिंग?" मुलीने विचारलं.

"अलाउड नाही," मी म्हणालो.

बायकोचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. निगेटिव्ह.

नोव्हेंबरात नाके उठले तेव्हा मी मॅलीला गेलो. गव्हाची कापणी चालू होती. त्याची बायको स्वयंपाकघरात होती. तिने चहा केला आणि समोर बसली. थडग्यावर आधी जाऊन ये, असं काही म्हणाली नाही.

"मला सांग," ती म्हणाली, "तिथे काय झालं? तो म्हणायचा, काही झालं नाही."

"गोळीबार वगैरे काही झाला नाही, हे खरं आहे," मी म्हणालो. मग मी तिला खड्ड्याबद्दल सांगितलं. काय जाळायचे, वारा कुठून यायचा, त्याचा टॉवर कुठे होता, माझा कुठे. ती मधे एकदाच बोलली.

"बदलून मागता येत नव्हता?"

"मागितला नाही कुणी. मागायचं असतं असं आम्हाला वाटलं नाही."

तिने कप उचलून बेसिनमध्ये ठेवले. पाठमोरी उभी राहून बराच वेळ नळ चालू ठेवला. मी बाहेर जाऊन त्याच्या वडिलांना भेटलो. त्यांना ऐकू कमी येत होतं. त्यांनी मला कापणी दाखवली, यंदा पीक चांगलं आहे म्हणाले.

घरी आल्यावर बायकोने माझा स्कॅन करून घेतला. फुप्फुसांत थोडे डाग आहेत. वाढतात का ते दर वर्षी बघायचं. डॉक्टर मास्कमधून बोलत होता, त्यामुळे त्याला चिंता वाटते की नाही ते मला कळलं नाही.

रविवारचे फोन मी चालू ठेवले होते, आता जोडीदाराच्या बायकोला. पुढच्या वर्षी, इथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यात, पुन्हा लॉकडाऊन लागलेला असताना, ती म्हणाली, "रागावू नकोस. तुझा आवाज ऐकला की धाकटा उठून मागच्या खोलीत जाऊन बसतो. बाबा असताना तू याच वेळेला फोन करायचास ना."

"नो वरीज," मी म्हणालो.

मग ती अजून काही बोलेल म्हणून थांबलो. तिनेही थांबून पाहिलं असावं. नंतर फोन ठेवल्याचा आवाज आला, आणि पुढच्या रविवारपासून मी फोन केला नाही.