बिरुदेवाची सुकी गोदी

...अन् बिरुदेवाची लाँच डुलत डुलत खड्ड्यात शिरली, हितवर काल आलो होतो. आता पुढचं ऐका.

हा बिरुदेव मेंढरं सोडून मुंबईला गेलेला. तिथल्या सुक्या गोदीत ठोकळे लावण्यात त्याची उमर गेली. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं. मग जहाज लाकडी ठोकळ्यांवर टेकतं आणि माणसं त्याच्या पोटाखाली शिरून काम करतात. गावी परतल्यावर तो उजनीच्या फुगवट्यात लाँच चालवायचा. दोघा नवराबायकोचं पोट तिच्यावर. तळाचा पत्रा कुजला, तर गड्यानं काठालाच गोदी खणली की! दाराच्या जागी मातीचा बांध, उपसायला उसाची मोटर. गाव हसलं, पण लाँच ठोकळ्यांवर म्हशीसारखी निवांत बसली.

कुजका पत्रा कापून झाला. नवा जोडायला कुर्डुवाडीचा वेल्डिंगवाला यायचा, तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. तेवढ्यात वरच्या धरणांचं पाणी सुटलं, फुगवटा चढू लागला. बांध पाझरायला लागला अन् नेमकी लाईट गेली. मोटर गप. बायको गोजाबाई घमेल्यानं माती लोटतेय, ती लोटता लोटता विरघळतेय.

बिरुदेवानं मनाशी हिशेब केला. बांध एकदम फुटला, तर लोंढा लाँचला ठोकळ्यांवरून ढकलून तिचा चेंदामेंदा करणार. पाणी हळू भरलं, तर ते भोकातनं आत शिरेल आणि लाँच जागच्या जागी जड होऊन बसून राहील. त्यानं खोरं उचललं आणि स्वतःच बांधाला बारीक वाट काढायला लागला.

गोजाबाईनं खोऱ्याचा दांडा धरला. "आवं, याड लागलं का तुमास्नी? लेकरावानी जपली, अन् आपल्याच हातानं बुडवताय?"

"सोड गं! बांध फुटला तर तुकडं बी गावायचं न्हाईत."

तिनं दांडा सोडला. पाटाच्या पाण्यागत धार आत गेली. ठोकळे पाण्याखाली गेले, तळ गेला, मग वरचा टप गेला. लाँच जरासुद्धा हलली नाही. पण आता पुढच्या उन्हाळ्याशिवाय ती दिसायची नव्हती. गोजाबाई चिखलातच बसली, तोंडात पदर कोंबून.

काठावर शेजारचा म्हातारा तात्याबा उभा होता. तो म्हणाला, "बिरुदेवा, गोदीसकट बुडवलीस की रं!"

बिरुदेव म्हणाला, "बुडवली न्हाय, तात्याबा, ठोकळ्यावर बसवलीया. पाणी हटलं की परत उपसतो. तवर आमी दोघांनी खायाचं काय, तेवढं मातर इचारू नगा."